आठवीला कुठं घालायचं?

आमचं कामथडी पुणे-सातारा हायवेवर आहे, हीच सगळी अडचण आहे. आत वेल्ह्याच्या अंगाला, केळद-पासलीकडच्या एखाद्या वस्तीवर, पोराला आठवीला कुठं घालायचं हा प्रश्नच पडत नाही. डोंगर उतरल्यावर जी शाळा पहिली लागते ती त्याची. पोरगं पायी जातं, पायी येतं, आणि बापाला शाळेविषयी मत नसतं. शाळा आहे, एवढंच पुष्कळ झालं. आमच्याकडं मात्र पुण्याच्या बाजूला नसरापूर, साताऱ्याच्या बाजूला कापूरहोळ, तिथून आत वळलं की भोर, सरळ गेलं की किकवी, नीरा ओलांडली की शिरवळ, आणि उलट्या अंगानं कात्रजचा बोगदा पार केला की अख्खं पुणं. इतक्या शाळा टप्प्यात आल्या की माणसाला मतं फुटतात.

पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं शिक्षण हक्काचा नियम सांगतो. नियम करणाऱ्यानं शाळा घराजवळ आणायचं बघितलं. जवळच्या शाळेत पोरगं घातलं तर भावकी काय म्हणेल, याचं कलम त्याला सुचलं नाही.

मराठी शाळेतून पोरगं सातवी झालं की चर्चा सुरू होते. तिची ठरलेली जागा नाही. लग्नाच्या मांडवात होते, सलूनमध्ये होते, पण सगळ्यात जोरात होते ती सकाळी डेअरीवर. फॅट लागून पावती हातात पडेस्तोवर तीन शाळा निकालात निघालेल्या असतात. यात सर्वात जास्त कोण बोलतं हे मी नीट पाहिलंय. ज्याच्या घरात आठवीचं पोरगं नाही, तो. ज्याच्या घरात आहे तो कॅन धरून गुमान ऐकत असतो. खुद्द पोराला कुणी विचारत नाही. विचारलं तर तो सांगेल, "दोस्त चाललेत तिथं मी जाणार." हे कारण पोरकट म्हणून बाजूला सारलं जातं. मग बाप चार दिवस विचार करतो आणि भावकीतली पोरं जिथं चाललीत तिथं त्याला घालतो.

आमच्या डेअरीवरच्या मंडळींत नाना सगळ्यात ज्येष्ठ. नाना भोरच्या राजा रघुनाथराव विद्यालयात शिकले, जुनी अकरावी मॅट्रिक झाले. भोर संस्थान १९४८ साली भारतात विलीन झालं, नाना अजून व्हायचे आहेत. शाळा म्हणजे भोरची, मास्तर म्हणजे भोरचे, आणि दहावीला बोर्डाची परीक्षा सुरू झाली तेव्हाच या देशाचं शिक्षण संपलं, असा त्यांचा निकाल आहे. नाना शाळेची परीक्षा छडीवर करतात. त्यांच्या एका मास्तरांनी कुठल्या चुकीला किती दिल्या याचा हिशेब त्यांना अजून तोंडपाठ आहे. आता कायद्यानं मुलांना मारायची बंदी आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं, तर म्हणाले, "मग फी कशाची घेत्यात?"

तात्यांचं माप वेगळं. तात्या शाळा एसटीवर मोजतात.

"तात्या, ती शाळा कशीय?"

"साडेनवाची गाडी हाय."

"नाही, शिकवतात कसं?"

"सुटल्यावर सव्वापाचला भोर-स्वारगेट. थांबती."

"गणिताला मास्तर आहे का?"

"वस्तीची गाडी मातूर बेभरवशाची."

तात्यांना हसू नये. शाळेत सर कितीही चांगले असले तरी पोरगं त्यांच्यापर्यंत पोचावं लागतं. हायवे रुंद झाला तसा गाड्यांचा वेग वाढला, आणि वेग वाढला की गाडीला खालचं गाव दिसेनासं होतं. पोरं सर्व्हिस रोडवर दप्तरं घेऊन उभी, आणि गाडी वरच्या अंगानं साताऱ्याकडं. तेव्हा तात्यांचं वेळापत्रक हे निम्मं शिक्षण आहे असं मी मानतो. राहिलेल्या निम्म्याबद्दल मात्र त्यांना काडीची माहिती नाही.

आमच्या वहिनींचं म्हणणं, व्हॅन दारात आली पाहिजे. यावर वाद घालता येत नाही, कारण व्हॅन खरोखर दारात येते. गेल्या काही वर्षांत हायवेच्या दोन्ही कडांना भाताच्या खाचरांतून शाळा उगवल्यात. नावात 'इंटरनॅशनल' नाहीतर 'ग्लोबल'. मागच्या खिडकीतून इंद्रायणीची लावणी दिसते, पुढच्या गेटवर सगळं जग. गेट मोठं, गेटवर सिक्युरिटी, पोराच्या गळ्यात टाय. टायची गाठ कारखान्यातूनच मारून येते, मागं इलॅस्टिक असतं, त्यामुळं बापाला शिकावी लागत नाही. बापाला अडचण येते ती पालकसभेत. आमचा एक भाऊबंद अशा सभेहून आला. घरात सगळ्यांनी गराडा घातला. "काय म्हणाल्या मॅडम?" "चांगलं म्हणाल्या." "म्हंजे काय?" "व्हेरी नॉटी म्हणाल्या." त्या दिवशी घरात शिरा झाला.

ज्यांना टाय परवडत नाही आणि निव्वळ मराठीही सोसवत नाही, त्यांच्यासाठी सेमी आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. शाळेच्या चौकशीचा पहिला प्रश्न आता हाच असतो, "सेमी हाय का?" हाय म्हटलं की पुढचं विचारायची गरज वाटत नाही. सेमीच्या वर्गात सर फळ्यावर 'ट्रँगल' लिहितात आणि त्याचे गुणधर्म मराठीत सांगतात. पोरांना कळतं. ज्या दिवशी गुणधर्मही इंग्रजीत सांगतील त्या दिवसाची मला धास्ती आहे.

आता जरा जपून लिहितो, कारण हे घराघरातलं आहे.

सकाळी एकाच घरातून दोन पोरं निघतात. भाऊ व्हॅनमध्ये बसतो. बहीण फाट्यावर चालत येते आणि एसटीची वाट बघते. भावाच्या शाळेला वर्षाची फी, व्हॅनचे वेगळे, पुस्तकांचे वेगळे, आणि स्नेहसंमेलनात सिंह व्हायचं तर सिंहाच्या कपड्याचं भाडं वेगळं. बहिणीच्या अनुदानित शाळेत नाममात्र फी. एसटीच्या मासिक पासात सगळ्याच विद्यार्थ्यांना दोन-तृतीयांश सवलत असते, आणि अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना तर पास फुकटच. म्हणजे घरात शाळांची तुलना होते ती मुलासाठी. मुलीची शाळा योजनेनं ठरते. "तिला काय, पास फुकट हाय, जाईल भोरला."

जाते ती. आणि मग जूनच्या आधी निकाल लागतो. २०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यातल्या मुली ९६.१४ टक्के पास झाल्या आणि मुलगे ९२.३१ टक्के. आदल्या वर्षी, २०२४ ला, मुली ९७.२१ आणि मुलगे ९४.५६. त्याच्या आदल्या वर्षी कोण पुढं होतं ते सांगायची गरज नाही. दरवर्षी वर्तमानपत्रात 'यंदाही मुलींचीच बाजी' असा मथळा येतो. मला वाटतं त्यांनी तो जुळवून कायमचा कपाटात ठेवलाय, फक्त साल बदलतात. हे मी एका बापाच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, "पोरी घरी बसून अभ्यास करत्यात ना!" त्याची पोरगी सकाळी शेणघाण काढते, भाकऱ्यांना हात लावते, फाट्यावर उभी राहते, सव्वापाचची गाडी चुकली तर दिवे लागल्यावर घरी येते. ती घरी बसते कधी, हे त्या घरात कुणी पाहिलेलं नाही.

निकाल लागला की फ्लेक्स लागतात. चेलाडीपासून कापूरहोळपर्यंत हायवेनं जाताना शिक्षणाची अवस्था डाव्या-उजव्या हाताला वाचता येते. वाढदिवसाच्या दोन फ्लेक्सच्या मध्ये एक निकालाचा. '१०० टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा.' खाली पासपोर्टच्या फोटोंची रांग, सगळ्या फोटोंत पोरांचे चेहरे गुन्ह्यात सापडल्यासारखे. वर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, तो पहिल्या आलेल्या मुलीच्या चौपट. अध्यक्ष कितवे आले होते ते लिहिलेलं नसतं.

शंभर टक्क्यांवर गाव भाळतं. पण २०२५ ला अख्ख्या राज्याचाच निकाल ९४.१० टक्के होता आणि कोकण विभागाचा ९८.८२. म्हणजे तिकडं पोरगं नापास करायलाच मेहनत घ्यावी लागत असणार. २०२१ साली करोनामुळं दहावीची परीक्षा झालीच नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला, तो लागला ९९.९५. परीक्षा घेतली तर निकाल पडतो आणि नाही घेतली तर वाढतो, हे तेव्हा महाराष्ट्राला कळलं. ०.०५ टक्के मागं राहिले, त्यांचं मात्र मला अजून कोडं आहे. लातूरचं कौतुक आमच्या डेअरीवरही चालतं. २०२५ ला राज्यात २११ जणांना शंभर टक्के पडले, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागाचे. ते ऐकून तात्यांनी विचारलं, "लातूरला गाडी कुठनं?"

तरी शंभर टक्के कसे होतात ते एकदा समजून घ्यायला हवं. एक रस्ता सरळ आहे. मास्तर जीव तोडून शिकवतात, जादा तास घेतात, कच्च्या पोरांना दिवाळीच्या सुट्टीत बोलावतात. अशा शाळा आमच्या भागात आहेत आणि त्यांचे फ्लेक्स बहुधा छोटे असतात. दुसरा रस्ता नववीतून जातो. नववीत जे पोरगं डळमळीत दिसतं त्याच्या बापाला बोलावून घेतात, खुर्ची देतात, चहाही देतात. आमच्या भागात शाळेनं पालकाला चहा दिला तर पालकानं सावध व्हावं. मग सांगतात, "याला झेपायचं नाही. सतरा नंबर भरून टाका." सतरा नंबर म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज. तो असतो शाळा सुटलेल्यांसाठी, कामाला लागलेल्यांसाठी, वय निघून गेलेल्या आयाबायांसाठी, आणि त्यांच्यासाठी तो देवासारखा आहे. पण इथं शाळेत बसलेल्या पोराला उठवून त्या दारानं बाहेर घालतात. पोरगं बाहेर, टक्के आत. मे महिन्यात फ्लेक्स लागतो, आणि त्याच फ्लेक्सच्या सावलीत ते पोरगं वडापावच्या गाड्यावर उभं असतं.

हे झालं पालकांनी शाळा निवडणं. शाळाही पालक निवडायला निघतात. मे महिन्यात गावात दोन प्रकारचे पाहुणे येतात, पत्रिका वाटणारे आणि पट वाढवणारे. अनुदानित शाळेत किती मास्तर राहणार हे पटावर ठरतं. त्याला संचमान्यता म्हणतात. मुलं कमी झाली की पद जातं, मास्तर अतिरिक्त ठरतात आणि दुसरीकडं समायोजनाला जातात. म्हणून बिचारे गुरुजी सुट्टीत उन्हातान्हाचं दारोदार फिरतात. कुणाच्या घरात सातवी झालेलं कोण आहे, हे त्यांना सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा जास्त माहीत असतं. एका दारात नसरापूरकडचे सर बसलेले असतात, तेवढ्यात भोरकडचे सर येतात. दोघं एकमेकांना नमस्कार करतात, दोघांना चहा होतो, दोघंही पावसावर बोलतात, आणि कोण आधी उठतं याची वाट बघतात. ज्या पोरासाठी हे चाललंय ते मागच्या दारानं क्रिकेटला गेलेलं असतं.

यात जी गंमत आहे ती कुणी मोठ्यानं बोलत नाही. चार घरांनी मिळून ठरवलं की त्या शाळेत मास्तर धड नाहीत, पोरं दुसरीकडं घालू. पोरं गेली, पट घसरला, पद गेलं, गणिताचे सर गेले. भूगोलाच्या बाईंनी बीजगणित हातात घेतलं. दुसऱ्या वर्षी तीच चार घरं डेअरीवर सांगतात, "बगा, आमी म्हणलं नव्हतं? तिथं गणिताला मास्तर न्हाय." त्यांचा अंदाज कधीच चुकत नाही, कारण तो खरा करायचं कामही तेच करतात.

खिचडीवरही शाळा तोलतात, पण ते माप आठवीपर्यंतच चालतं, कारण पोषण आहार तिथं संपतो. नववीत खिचडी बंद होते आणि त्याच वर्षी गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे दोन भाग होतात. पोराच्या दृष्टीनं एवढा वाईट व्यवहार दुसरा नाही.

एवढ्यात धनकवडीचे मामा येतात. प्रत्येक घराला एक धनकवडीचा मामा असतो. कात्रज, आंबेगाव, धनकवडी भागात भोर-वेल्ह्याची निम्मी भावकी राहायला गेलीय, त्यामुळं मामांचा तुटवडा नाही. मामांचं म्हणणं, "इथं काय ठेवलंय? पोरगं माझ्याकडं पाठवा. पेठेत घालू. रमणबाग, नाहीतर नूतन मराठी. पोरीला हुजूरपागा." पेठांतल्या शाळांचा दरारा मोठाच आहे, हुजूरपागा १८८४ पासूनची आहे, तिथं शिकलेली बाई पन्नास वर्षांनीही तसं सांगितल्याशिवाय राहत नाही. पण मामांना कुणी विचारत नाही की धनकवडीहून स्वारगेटचा सिग्नल ओलांडून पेठेत पोचायला पोराला किती वेळ लागतो. तेवढ्या वेळात आमची पोरगी कामथडीहून भोरला पोचून, डबा अर्धा खाऊन, प्रार्थनेला उभी असते. मामांचा स्वतःचा मुलगा घरामागच्याच शाळेत जातो. "तो जरा वेगळा विषय आहे," असं मामा म्हणतात.

आमच्या या रस्त्याच्या दोन टोकांना दोन शाळा आहेत. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल, १ जानेवारी १८८० ला सुरू झालेलं. साताऱ्यात प्रतापसिंह हायस्कूल. तिथं ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं, रजिस्टरला नंबर १९१४. तो दिवस राज्यात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, आणि तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सांगायला नको. या दोन शाळा मी एकदा आमच्या डेअरीच्या मापानं मोजून बघितल्या. पहिलीत गणिताला टिळक नावाचे तेविशीतले मास्तर, अनुभव काही नाही, संस्था नवी, मागचा निकाल नाही. वहिनी म्हणाल्या असत्या, "पुढच्या वर्षी बघू, आधी चालतीय का ते तरी बघू." दुसरी तर सरकारी. सरकारी म्हटल्यावर आमच्याकडं पुढचं ऐकून घ्यायची पद्धत नाही. दोन्हीकडं व्हॅन नाही. राहता राहिले नाना. नानांनी दोन्ही शाळा एका वाक्यात उडवल्या असत्या, कारण दोन्हीही भोरला नाहीत.

कायद्यानं पालकांना शाळेत खुर्ची दिलीय हेही आमच्या गावीच नसतं. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पंच्याहत्तर टक्के पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. बैठकीची नोटीस येते तेव्हा पालक डेअरीवर शाळांची तुलना करत असतात. मुख्याध्यापक कोरम भरायला फोन लावत बसतात, आणि शेवटी रजिस्टर घरोघर फिरून सह्या होतात. सही करताना बाप विचारतो, "कशाची हाय?" आणि उत्तर यायच्या आत करून टाकतो.

तर येत्या मे महिन्यात ज्याला शाळा निवडायची असेल त्यानं फ्लेक्स वाचून घ्यावा, तात्यांना गाडी विचारावी, वहिनींचं ऐकावं, मामांना चहा द्यावा. मग एखाद्या साध्या दिवशी, झेंडावंदन किंवा स्नेहसंमेलन नसताना, स्वतः शाळेत जावं. आठवीच्या वर्गावर गणिताला कोण आहे आणि ते मुळात कशाचे मास्तर आहेत, हे बघावं. मुलींच्या संडासाला पाणी आहे का ते बघावं, मुलगा घालायचा असला तरी बघावं. आणि मुख्याध्यापकांना एकच विचारावं, गेल्या वर्षी नववीत किती पोरं होती आणि त्यातली यंदा दहावीला शाळेतर्फे किती बसली. हा आकडा शाळेच्या हजेरीपटावर असतो, आणि तो विचारायला कुणाच्या शिफारशीची चिठ्ठी लागत नाही.